मिनिकॉयचा मास आणि माडाचा रस

मंडळी, लक्षद्वीप म्हटलं की सगळ्यांना निळं पाणी आणि रिसॉर्टचे फोटोच आठवतात, तिथली माणसं जेवतात काय हे कोणी विचारतच नाही. म्हणून आज मी फक्त मिनिकॉयबद्दल बोलणारे. अगदी दक्षिणेचं बेट, जेमतेम दहा किलोमीटर लांब, आणि भाषा काय खाणं काय, सगळं मालदीवच्या जवळचं. तांदूळ-डाळ जहाजाने येणार, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजाचा काय भरवसा! घरचं म्हणावं असं मुख्य दोनच, ट्यूना आणि नारळ.

मास म्हणजे सुकवलेला ट्यूना, पण आपल्या सुक्या बोंबलाशी त्याचं काही नातं नाही. मासा उभा चिरून चार तुकडे करायचे, खाऱ्या पाण्यात उकडायचे, मग धुरावर ठेवायचे आणि मग ऊन, असं करत करत तो लाकडासारखा टणक होतो आणि वर्षभरही टिकतो. उकडलेलं पाणीसुद्धा वाया घालवत नाहीत, आटवून आटवून त्याची दाट तपकिरी चटणी करतात, मालदीवमधे तिला रिहाकुरु म्हणतात, चमचाभर भाताला पुरते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1343-44 मधे मालदीवला काझी होता, त्याने हा धुरावरचा मासा आणि तो भारत, चीन, येमेनला जातो हे लिहून ठेवलंय. फ्रिज नसताना लोकांनी हे जमवलं, याला मी तरी गरिबांचं साधं खाणं म्हणणार नाही. खायची पद्धत मात्र सोपी, मास कुटायचा, त्यात खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, हाताने चुरायचं आणि पोळीबरोबर नाश्ता.

आता माड. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, बांधून तिचं टोक रोज कापायचं, सकाळ-संध्याकाळ वर चढून रस उतरवायचा. ताजा असेल तर गोड नीरा, काही तासांत आंबायला लागतो. वस्ती मुसलमान, बेटावर दारूबंदी, त्यामुळे तो ताजाच प्यायचा नाहीतर चुलीवर आटवून काकवी आणि गूळ करायचा. आणखी आंबू दिला की व्हिनेगर, तेही घरचंच.

मुद्द्याचं मात्र पुढे आहे. हा ट्यूना जाळ्याने नाही, काठी आणि गळाने एकेक पकडतात. आधी लगूनमधे, म्हणजे बेट आणि प्रवाळांच्या कड्यामधल्या उथळ, शांत पाण्यात, बारीक जिवंत मासे धरून बोटीत पाण्यात ठेवायचे, खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ते फेकायचे आणि वरून पाण्याचे फवारे मारायचे, म्हणजे ट्यूनाला वाटतं इथे भरपूर चारा आहे आणि तो गळावर तुटून पडतो. गळाला उलटा काटा नसतो, काठीला झटका दिला की मासा सुटून थेट बोटीत. म्हणजे सगळं अडतं त्या बारीक चाऱ्यावर, आणि तो चारा प्रवाळांच्या आसऱ्याने वाढतो. लक्षद्वीपचे प्रवाळ 1998, 2010 आणि 2016 मधे समुद्र तापून पांढरे पडले, म्हणजे मरायला टेकले. त्यामुळे मिनिकॉयच्या लगूनमधे पाण्यावर व्हिला बांधायचे प्लॅन निघाले तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडला की मग ही माणसं चारा धरणार कुठे, कारण चारा नसेल तर बाहेर ट्यूना कितीही असो, बोट धक्क्यालाच उभी.