शाळा भरायच्या आधी

[दृश्य : धुकं, धरणाचं पाणी, घाटाकडे चढणारी एसटी]

भोरहून वरंध घाटाकडे निघालं, की नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबतीला असतं. २०२५ चा जून. पावसानं यंदा मे महिन्यातच मुक्काम ठोकला. २६ मेला तो मुंबई-पुण्यात हजर होता. खाचरांत पाणी उभं आहे, भाताचं बी टाकायला वाफसा मिळत नाही. आणि सोमवारी, १६ जूनला, शाळा भरायची आहे.

जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, चार इयत्ता, दोन शिक्षक.

[दृश्य : वर्ग धुणाऱ्या बाया, कौलांवर दोघं जण]

मे महिन्यात हीच शाळा गावाच्या लग्नकार्याला उपयोगी पडते. वऱ्हाड इथंच उतरतं. त्यामुळे पहिलं काम झाडलोटीचं. दुसरं काम रंगाचं, तेही पुन्हा एकदा, कारण आधी मारलेला हात पावसानं धुऊन नेला. ओल धरलेल्या भिंतीवरची बाराखडी नव्यानं गिरवावी लागतेय. रंगाचे डबे ग्रामपंचायतीचे, हात गावाचे. कौलं फिरवणारे दोघंही इथलेच माजी विद्यार्थी. त्यातला एक पुण्यात रिक्षा चालवतो; ती बंद ठेवून आलाय. सरकारकडून शाळेला वर्षाकाठी मिळणारं अनुदान पटावर ठरतं. लहान शाळेला ते लहानच मिळतं, छप्पर मात्र तेवढंच गळतं.

[दृश्य : एप्रिलमधलं चित्रण. बाई आणि अंगणवाडी सेविका वाडीवर]

खरी सुरुवात एप्रिलमध्येच झाली होती. शाळेतल्या बाई आणि अंगणवाडीच्या ताई, दोघी घरोघर फिरल्या. ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला सहा वर्षं पुरी होतात, ते मूल पहिलीला दाखलपात्र. अंगणवाडीच्या रजिस्टरात नाव असतंच, तरी बाई वरच्या वाडीपर्यंत चढतात. कामासाठी बाहेर गेलेलं एखादं कुटुंब परतलेलं असतं, त्यांचं मूल कुठल्याच वहीत नसतं.

[दृश्य : मेळावा. टेबलांची रांग, मुलं, आया]

मग शाळापूर्व तयारी मेळावा. एक एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये. नोंदणी झाली की मूल एकेका टेबलापाशी जातं. इथं दोरीवरून चालायचं, तिथं रंग आणि आकार वेगळे करायचे. पुढं चित्र पाहून गोष्ट सांगायची, खडे मोजायचे. प्रत्येक ठिकाणी विकासपत्रावर नोंद होते. ही परीक्षा नाही, हे आयांना तीन-तीनदा सांगावं लागतं. त्या मुलापेक्षा जास्त घाबरलेल्या असतात. दोन मेळाव्यांच्या मध्ये माता गट. पाच-सहा जणी एका ओसरीवर जमतात, हातात कृतींची कार्डं. शेंगा सोलता सोलता मोजणी, भाकरी थापताना गोल, लहान, मोठा. यातल्या एकीनं स्वतः चौथीनंतर शाळा सोडलेली. गटाची लीडर तीच आहे, आणि फिल्मच्या या भागात कॅमेरा तिच्यावरून हटत नाही तो उगाच नव्हे.

[दृश्य : रात्र. देवळातली बैठक, एकच दिवा]

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन-चतुर्थांश पालक लागतात, आणि सदस्यांत निम्म्या महिला. बऱ्याच गावांत त्या सहीपुरत्या असतात. इथं विषयच त्यांनी काढला : लावणी सुरू झाली की धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते, त्याचं काय? अर्धा तास यावरच गेला. शेवटी ठरलं, तान्ह्यांना आळीपाळीनं दोन म्हाताऱ्या बघतील, मुली शाळेत जातील. गुरुजींनी इतिवृत्तात तसं लिहिलंय. म्हाताऱ्यांना विचारलं होतं का, हे कुणी विचारलं नाही. त्या मात्र तिथंच बसल्या होत्या आणि हसत होत्या.

[दृश्य : १६ जून. बैलगाडी, लेझीम, छत्र्या]

सोमवार. पहिलीची चारही मुलं सजवलेल्या बैलगाडीत. प्रभातफेरी पावसातच निघाली. लेझीमवाले भिजले, पण थांबले नाहीत. दारात औक्षण. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसा.

[इथं निवेदन नको. ठशांचे चार शॉट सलग जाऊ द्यावेत.]

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून केंद्रशाळेतून आणलेली पुस्तकं वाटली जातात. पहिलीची या वर्षी नवी आहेत, नव्या अभ्यासक्रमाची. तिसरी भाषा कोणती, यावरून त्या दिवसांत मुंबईत रान पेटलं होतं. इथं चौघांपैकी तिघांनी पुस्तक उघडून आधी वास घेतला.

[दृश्य : चूल, मोठं पातेलं]

पहिल्या दिवशी गोड जेवण. शिरा करणाऱ्या मावशींना महिन्याला २,५०० रुपये मानधन. सकाळी सगळ्यांच्या आधी त्याच येतात.

[दृश्य : हजेरीपट, जवळून]

या उन्हाळ्यात दोन घरं पुण्याला गेली. पट विसाच्या आत आला की दुसऱ्या शिक्षकाचं पद धोक्यात येतं. यंदा तो थोडा वर आहे.

[दृश्य : फळ्यावर सूचना लिहिणाऱ्या बाई]

उद्या शाळा वेळेवर भरेल. जन्मदाखले शुक्रवारपर्यंत आणावेत. समितीची पुढची बैठक लावणी आटोपल्यावर.