खोकला छातीतला, जंत पोटातला

श्रोतेहो, नमस्कार.

जंत म्हटले की आपला हात पोटाकडे जातो. पण गोल जंत, डॉक्टर ज्याला ॲस्कॅरिस म्हणतात, तो आतड्यात मुक्काम करण्याआधी फुप्फुसांतून फिरून येतो. जपानच्या डॉ. कोइनो यांनी 1922 मध्ये याची खात्री स्वतःवरच करून घेतली. त्यांनी या जंताची 2000 अंडी गिळली! पुढे त्यांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्यांच्याच थुंकीत जंताच्या अळ्या सापडल्या. नंतर जंताचे औषध घेतले, तेव्हा 667 जंत पडले. धन्य तो माणूस, पण असला प्रयोग आज कोणी करू देणार नाही, हे बरेच आहे.

अंडी आपल्या पोटात जातात ती मातीच्या हातांनी किंवा न धुतलेल्या भाजीतून. आतड्यात अळी बाहेर पडते, भिंत भेदून रक्तात शिरते आणि यकृत, हृदय असे करत फुप्फुसांत येते. तिथून श्वासनलिकेतून घशापर्यंत चढते आणि आपण तिला परत गिळतो.

अंडी पोटात गेल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी कोरडा खोकला, छातीत घरघर, धाप, बारीक ताप सुरू होतो. कुणाच्या अंगावर पित्त उठते, क्वचित थुंकीत रक्त दिसते. पुष्कळांना तर काहीच जाणवत नाही.

गंमत अशी, की या दिवसांत शौचाची तपासणी केली तर अहवाल साफ येतो. मादीला वाढून अंडी घालायला दोन-तीन महिने लागतात, मग अंडी दिसणार कुठून? खरी खूण रक्ताच्या साध्या सीबीसी तपासणीत मिळते: इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या असतात. एक्स-रेमध्ये डाग दिसतात, ते काही दिवसांनी जागा बदलतात आणि काही आठवड्यांत पुसले जातात. स्वित्झर्लंडच्या डॉ. लफ्लर यांनी असे सरकते डाग 1932 मध्येच नोंदवले होते. कधी थुंकीत अळीच सापडते, मग निदान पक्के.

मात्र इओसिनोफिल वाढले म्हणजे गोल जंतच, असे नाही. दमा, ॲलर्जी, इतर जंत यांतही ते वाढतात. हत्तीरोगाच्या जंतामुळेही खोकला येतो, तो रात्री जास्त छळतो आणि महिनोन्महिने हटत नाही. विदर्भात हत्तीरोग आढळतो, म्हणून तिथल्या श्रोत्यांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावे. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर जंताचा संशय असला तरी क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्याच. शौचाची तपासणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा.