पैठणचा डाळिंबी आणि दोन जुने कॅमेरे

(दृश्य: पैठण. मागावर ताणलेले डाळिंबी उभे धागे, त्यातून सरकणारा हिरव्या धाग्याचा धोटा.)

डाळिंबी उभा, हिरवा आडवा. समोरून पाहिलं तर लाल, डोकं जरा कलतं केलं की हिरवट झाक. धूपछाव म्हणतात ती हीच. कॅमेऱ्याच्या रंगांची परीक्षा घ्यायला याच्याइतकं खट्याळ कापड दुसरं नाही.

(दृश्य: टेबलावर दोन कॅमेरे, शेजारी 24 चौकटींचा रंगतक्ता.)

डावीकडे निकॉन डी-40, 2006 चा, 6 मेगापिक्सेलचा, सेन्सर (उजेड टिपणारी सिलिकॉनची चिप) सीसीडी जातीचा. उजवीकडे कॅनन ईओएस 350डी, 2005 चा, 8 मेगापिक्सेलचा, सेन्सर दुसऱ्या जातीचा, सीमॉस. ‘सीसीडीचा रंगच न्यारा’ असं सांगून जुने कॅमेरे हल्ली हौसेनं विकले-घेतले जातात. त्यात तथ्य किती, ते बघू.

सिलिकॉनला रंग कळतच नाही, सीसीडी असो की सीमॉस. उजेड किती पडला, एवढंच त्याला कळतं. रंग येतो सेन्सरवर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांमुळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांची ही मांडणी, पेटंट 1976 चं. दर चार ठिपक्यांत दोन हिरवे. त्यानंतर कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर आपला मसाला टाकतं, आणि जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं तयार करून दिलेल्या फोटोत, आपण चव घेतो ती बहुतेक या मसाल्याचीच.

350डीचंच बघा. डायल हिरव्या चौकोनावर, म्हणजे पूर्ण ऑटोवर ठेवली की कॅमेरा ‘पॅरामीटर 1’ लावून मोकळा होतो: कॉन्ट्रास्ट, शार्पनेस आणि सॅच्युरेशन, तिन्ही +1. ‘पॅरामीटर 2’ मध्ये तिन्ही शून्यावर. डाळिंबी रेशमावर पहिला लावला तर लाल चॅनेल (चित्रातला लालाचा आकडा, 0 ते 255) सहज 255 ला जाऊन टेकतो. मग पदराच्या चुण्या बुजतात आणि रेशमाच्या जागी रंगवलेला पुठ्ठा दिसतो. दोष सेन्सरचा नाही, मसाल्याचा.

म्हणून दोन्ही कॅमेरे रॉवर, म्हणजे मसाला पडण्याआधीच्या कच्च्या नोंदीवर. दोघांची रॉ फाइल 12 बिटची, म्हणजे दर चॅनेलला 4096 पर्यंत पायऱ्या, जेपेगला 256.

(दृश्य: 50 मिमी लेन्स, अॅपर्चरच्या रिंगवर बोट.)

लेन्स दोन्हीकडे एकच हवी, कारण काचेच्या कोटिंगनंही रंग थोडा सरकतो. निकॉनची लेन्स कॅननवर बसते; माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनमध्ये 46.5 मिमी, कॅननमध्ये 44. मधल्या अडीच मिलिमीटरांत अडॅप्टर मावतो. कॅननची लेन्स निकॉनवर मात्र अशी जमत नाही.

इथे आपण 50 मिमी, एफ 1.8, डी मालिकेतली लेन्स घेतली आहे. डी-40 मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे फोकस हातानं. निकॉनवर रिंग 22 वर लॉक करून उजेड आत सोडणारं भोक, म्हणजे अॅपर्चर कॅमेऱ्यातून द्यायचं. रिंग हलली तर पडद्यावर ‘एफईई’ येतं आणि शटर दबत नाही. कॅननवर उलटं. अॅपर्चर रिंगनंच, आणि 8 वर नेलं की व्ह्यूफाइंडर काळोखा होतो. त्यामुळे फोकस आधी 1.8 वर करून घ्यायचा, मग रिंग फिरवायची.

आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) दोन्हींवर 200, कारण डी-40 त्याच्या खाली उतरतच नाही.

उजेड उत्तरेच्या खिडकीचा, सकाळी दहा-अकराचा. ट्यूब बंद. भिंत पोपटी ऑइलपेंटची असेल तर तिच्यावर पांढरी चादर टाका, आणि फोटो काढणाऱ्यानं लाल शर्ट घालू नये. रेशीम दोन्ही रंग आनंदानं उचलतं. कापड फळीवर सपाट ताणून पिनांनी पक्कं करा. कॅमेरा बदलताना ट्रायपॉड दोन अंशांनीही कलला तर धूपछाव पालटते आणि दोष भलत्याच कॅमेऱ्यावर जातो. जरीची तार भगभगली तर फळी किंचित वळवा, पण दोन्ही कॅमेऱ्यांसाठी एकदाच.

(दृश्य: संगणकावर दोन चित्रं शेजारी शेजारी.)

दोन्ही फाइली रॉथेरपीत (रॉ फाइल उघडायचं सॉफ्टवेअर), ‘न्यूट्रल’ प्रोफाइलवर. रंगव्यवस्थापनात इनपुट प्रोफाइल, म्हणजे कॅमेऱ्याचे आकडे खऱ्या रंगांत बदलायचं गणित, दोन्हींना ‘कॅमेरा स्टँडर्ड’. एकाला आपोआप जुळलेलं प्रोफाइल आणि दुसऱ्याला साधं मॅट्रिक्स लागलं, तर तुलना प्रोफाइलांची होते. व्हाइट बॅलन्स तक्त्यातल्या 20 नंबरच्या फिकट करड्यावर. पांढऱ्यावर नको, तो जळालेला असू शकतो. मग 22 नंबरचा करडा दोन्हीकडे 120 च्या आसपास आणा. हे टाळलं तर जे चित्र जरा गडद, तेच लोकांना ‘रंगदार’ वाटतं. बरेच वाद एवढ्यावरच चालतात.

आता बघा. डाळिंबी जवळजवळ जुळला. पोपटी काठ, हळदी बुट्टा, दोन्ही आले. ज्याला सीसीडीचा रंग म्हणत होतो, त्यातला बराचसा फरक गळून पडला.

जांभळ्याचं मात्र वेगळं. डोळ्यातल्या लाल ओळखणाऱ्या पेशी जांभळ्या टोकालाही थोड्या जाग्या होतात. कॅमेऱ्याचा लाल फिल्टर तिथे जागा होईलच असं नाही. म्हणून जांभळी साडी फोटोत निळी पडते, आणि किती पडेल ते कंपनीनं निवडलेल्या फिल्टरवर ठरतं.

काळी चंद्रकळा पिवळ्या बल्बखाली तांबूस आली तर संशय इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या लालपलीकडच्या उजेडावर घ्यायचा. 2006 च्या लाइका एम8 या कॅमेऱ्यात काळं सिंथेटिक कापड असंच जांभळट यायचं. कंपनीला गिऱ्हाइकांना लेन्सवर लावायचे फिल्टर द्यावे लागले. घरी तपासायचं तर अंधारात टीव्हीचा रिमोट लेन्सकडे धरून बटण दाबा. फोटोत रिमोटचं टोक जितकं लखलखीत, तितकं इन्फ्रारेड आत येतंय.

चंद्रकळा तर खिडकीच्या उजेडात घेऊन निभावते. जांभळ्याला मात्र प्रोफाइलनं एका रंगद्रव्यापुरतं सावरता येतं, पुढच्या लडीचा रंग निराळा निघाला की पुन्हा पहिल्यापासून. तोवर गिऱ्हाइकाला फोटो पाठवताना खाली ‘जांभळा, निळा नाही’ असं लिहून द्यायचं.

(दृश्य: घडी घातलेली जांभळी पैठणी, तिच्या शेजारी निळा धागा.)