शेंद्र्यात जोडलेली गाडी आणि तिच्या घराण्याची रेस

राम राम मंडळी. जालना रोडनं चिकलठाणा विमानतळ मागं टाकून करमाडच्या दिशेनं निघालं की शेंद्रा एमआयडीसी लागते. सकाळी शिफ्टच्या टायमाला इथं उभं राहिलं तर स्टाफच्या बसची रांग लागलेली दिसते, खिडकीला डोकं टेकून झोपलेली पोरं, मांडीवर डबा, गळ्यात आयकार्ड. कितीतरी जण आसपासच्या खेड्यातले, बाप शेतकरी आणि पोरगं आयटीआय करून इथं लागलेलं. अशाच हातांनी २००१ पासून इथं स्कोडाच्या गाड्या जोडल्या जायल्यात. पहिली होती ऑक्टाव्हिया. आपल्या संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, ती १.९ टीडीआय डिझेल ऑक्टाव्हिया रस्त्यावर दिसली की लोक वळून बघायचे, मी शाळेत होतो तेव्हा आणि मला तिच्या दाराचा धप्प असा भरीव आवाजच लई आवडायचा.

पण ही कंपनी रेसिंगमधे शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहे, हे आपल्याकडं कोणी सांगितलंच नाही. गाडी आपण जोडतो आणि तिचा इतिहास आपल्याला माहीत नाही हे मला बरं वाटत नाही, म्हणून हा व्हिडिओ.

सुरुवात एका सायकलीपासून होते. गाव म्लादा बोलेस्लाव, प्रागपासून साठेक किलोमीटर, तेव्हा तिथं ऑस्ट्रियाच्या बादशहाचं राज्य आणि ऑफिसची भाषा जर्मन. तिथं वात्स्लाव क्लेमेंट नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्याची जर्मन कंपनीची सायकल बिघडली, त्यानं कंपनीला पत्र लिहिलं, आपल्या मातृभाषेत, चेक भाषेत. उत्तर काय आलं, तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. बास. क्लेमेंटनं वात्स्लाव लॉरिन नावाचा मेकॅनिक गाठला आणि १८९५ ला दोघांनी सायकल रिपेअरिंगचं दुकान टाकलं, मग स्वतःच्या सायकली बनवायला लागले, त्यांचं नाव ठेवलं स्लाव्हिया. आज आपल्या रस्त्यावर जी स्कोडा स्लाव्हिया पळते ना, ते नाव तिथून आलंय. आणि ऑक्टाव्हियाच्या, सुपर्बच्या टॉप मॉडेलवर एल अँड के लिहिलेलं असतं ते म्हणजे लॉरिन आणि क्लेमेंट. आपल्या भाषेत लिहिलं म्हणून ज्याला परत पाठवलं त्याचं नाव आज गाडीवर आहे, मला ही गोष्ट कितीदा सांगितली तरी कमीच वाटते.

१८९९ ला त्यांनी मोटरसायकली बनवायला घेतल्या आणि दोनच वर्षांत, १९०१ ला, पॅरिस ते बर्लिन रेसला माणूस पाठवला, नार्सिस पोडसेडनिचेक, हा त्यांच्याच कारखान्यातला माणूस बरं का. कच्चे रस्ते, धूळ, पंक्चर आणि रस्त्यात मदत करायला कोणी नाही. गडी रात्रीच्या अंधारात बर्लिनला पोचला तर नोंद घ्यायला तिथं माणूसच हजर नव्हता! त्यामुळं रेकॉर्डला त्याचं यश लागलंच नाही. पण चार वर्षांनी, १९०५ ला, फ्रान्समधल्या दूर्दान इथं वात्स्लाव वोंद्रीखनं त्याच कंपनीच्या मोटरसायकलवर आंतरराष्ट्रीय कप जिंकला, आणि त्याच वर्षी कंपनीनं पहिली मोटारगाडी काढली. पुढं १९२५ ला ही कंपनी पिल्झेन शहरातल्या स्कोडा कारखान्यात गेली आणि नाव झालं स्कोडा.

आता एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आपल्याकडं कुस्तीत जसे वजनी गट असतात ना, तसे मोटर रेसिंगमधे इंजिनाच्या साईजप्रमाणं गट असतात. हलका पैलवान हलक्या गटात लढतो, त्याला हिंदकेसरी कोणी म्हणत नाही पण त्याच्या गटातली गदा त्याचीच. स्कोडाची टीम बहुतेक काळ अशी हलक्या गटातली. पैसे कमी, इंजिन छोटं, आणि समोर लान्चिया, पोर्श, बीएमडब्ल्यू. तरी दरवेळी हजर.

रॅली म्हणजे ट्रॅकवर नाही तर रस्त्यांवरून, घाटातून वेळ लावून गाडी हाणायची रेस. १९३६ ला मोनाकोतल्या मोंटे कार्लो रॅलीत स्कोडा पॉप्युलर गाडीनं आपल्या गटात दुसरा नंबर काढला, गाडी अथेन्सहून निघालेली, जानेवारीच्या बर्फातून. कुशाक आणि स्लाव्हियावर मोंटे कार्लो असं लिहिलेलं मॉडेल बघितलं असेल तर ते नाव या रॅलीचं आहे.

मग युद्ध झालं, आणि नंतर आलं १९५०. फ्रान्समधल्या ल मांची २४ तासांची रेस, जगातली सगळ्यात अवघड म्हणा. स्कोडानं तिथं एक गाडी नेली, इंजिन १०८९ सीसी. हा आकडा ओळखीचा वाटतो का बघा, आपली जुनी प्रीमियर पद्मिनी होती ना, तिचं इंजिनसुद्धा १०८९ सीसीच! एवढंच इंजिन घेऊन बोबेक आणि नेतुशिल हे दोघं ल मांला रात्रभर पळाले, अर्ध्याहून जास्त वेळ गाडी मस्त चालली, गटात वरच्या नंबरात होती, आणि मग इंजिनातल्या एका बारक्या पार्टनं दगा दिला, गाडी बंद. पुढच्या वर्षी परत जाऊ असं वाटलं असेल त्यांना. पण देशात कम्युनिस्ट सरकार आलेलं, युरोपचे दोन तुकडे झालेले. स्कोडाची फॅक्टरी टीम त्यानंतर ल मांला गेलीच नाही. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त हीच गोष्ट लागते, कारण जिद्द आणि हुशारी दोन्ही होती आणि वाट बंद झाली.

आता हा फोटो बघा. १९७७, मोंटे कार्लो, बर्फ, आणि ही चपटी छोटी कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी. हिचं नाव १३० आरएस. इंजिन १३०० सीसीच्या आतलं आणि तेपण मागं, डिकीच्या जागी. वजन कमी करायला छत, बॉनेट अशा ठिकाणी ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पुढची मडगार्डं फायबरची. त्या वर्षी रॅली जिंकली लान्चिया स्ट्रॅटोसनं, त्या गाडीत फेरारीचं सहा सिलेंडरचं इंजिन होतं. आणि आपल्या या छोट्या गाडीनं काय केलं तर १३०० सीसीच्या गटात पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर. ड्रायव्हर ब्लाहना एकूण यादीत बारावा आणि दुसरा ड्रायव्हर झापादलो पंधरावा. घाटातल्या बर्फात दुप्पट ताकदीच्या गाड्या घसरत होत्या तिथं! लोक हिला पूर्वेची पोर्श म्हणायला लागले. चार वर्षांनी, १९८१ ला, याच गाडीनं युरोपियन टूरिंग कार या ट्रॅकवरच्या स्पर्धेत कंपन्यांचं टायटल घेतलं, बीएमडब्ल्यूसारख्यांना मागं ठेवून. म्हणजे घाटातही चालली आणि ट्रॅकवरही.

नंतर राजवट बदलली, १९९१ ला फोक्सवॅगननं कंपनीत पैसा घातला. त्याच काळात फेव्हरिट नावाची गाडी, पुन्हा १३०० सीसीच्या आतली, १९९४ ला दोन लिटरच्या रॅली वर्ल्ड कपमधे कंपन्यांत पहिली आली. दोन लिटरच्या कपमधे १.३ ची गाडी.

१९९९ पासून ऑक्टाव्हिया उतरली, आणि यावेळी हलक्या गटात नाही तर थेट वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमधे मोठ्या पैलवानांसोबत. फोर व्हील ड्राइव्ह, दोन लिटर टर्बो. खरं सांगायचं तर गाडी मोठी होती आणि वळणावर जड पडायची, रिझल्ट फार आले नाहीत. पण २००१ ची केनियाची सफारी रॅली बघा. दगड, लाल धूळ, खड्डे, म्हणजे आपल्या पाणंद रस्त्यावरून फुल स्पीडनं गाडी हाणायची आणि तेही शेकडो किलोमीटर. तिथं कितीतरी गाड्या मोडून पडल्या आणि आर्मिन श्वार्झनं ऑक्टाव्हिया तिसऱ्या नंबरवर आणली. साल परत ऐका, २००१. तिकडं ही गाडी केनियाच्या धुळीत पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, आणि त्याच वर्षी इकडं शेंद्र्यात तिच्याच नावाची गाडी आपली पोरं जोडायला लागली. कोणी ठरवून केलेलं नाही हे, पण मला भारी वाटतं.

मग आली फॅबिया, आणि २००५ ची ऑस्ट्रेलिया रॅली. गाडीत कॉलिन मॅक्रे, १९९५ चा वर्ल्ड चॅम्पियन. शेवटच्या दिवसापर्यंत पोडियमच्या जागेवर गाडी, कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. सर्व्हिसला गाडी आली, मेकॅनिकांनी काळजी म्हणून क्लच बदलायला घेतला. रॅलीत सर्व्हिसला मिनिटं मोजून मिळतात, तेवढ्यात गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच टाकायचा, परत चढवायचा. गिअरबॉक्स बसेना. घड्याळ पळतंय, सहा-सात माणसं गाडीखाली, हात तेलानं माखलेले, मॅक्रे बाजूला उभा. वेळ संपली आणि गाडी रॅलीतून बाद. ज्यानं कधी गाडीखाली झोपून गिअरबॉक्स चढवलाय त्याला कळेल त्या माणसांच्या पोटात काय झालं असेल.

पुढची फॅबिया मात्र सोनं निघाली. पुन्हा एक पायरी खालचा गट धरला आणि तिथं राज्य केलं. २०१६ ला लाप्पी, २०१७ ला टीडेमंड, २०१८ ला कोपेत्स्की, सलग तीन वर्षं डब्ल्यूआरसी टूचं, म्हणजे वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपच्या या खालच्या गटाचं, टायटल स्कोडाच्या ड्रायव्हरकडं. आणि यात आपला माणूस आहे मंडळी, गौरव गिल. एमआरएफच्या टीमकडून स्कोडा फॅबिया चालवत तो २०१३ ला एशिया पॅसिफिक रॅलीचा चॅम्पियन झाला, मग २०१६ ला, मग २०१७ ला. २०१९ ला त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटर स्पोर्टमधल्या माणसाला मिळालेला पहिलाच. क्रिकेटच्या एका मॅचवर आपण आठवडाभर बोलतो, या गड्यावर आपल्या किती कट्ट्यांवर बोलणं झालं? २०१९ संपताना स्कोडानं स्वतःची फॅक्टरी टीम थांबवली, आता ते रॅलीची गाडी बनवून विकतात आणि जगभरातल्या छोट्या टीम ती पळवतात.

हा व्हिडिओ करताना मी चिकलठाण्यातल्या एका ओळखीच्या मेस्त्रींकडं गेलो होतो. त्यांच्याकडं कामाला एक जुनी ऑक्टाव्हिया आरएस आलेली, २००४ ला आपल्याकडं आली ती, १.८ टर्बो, दीडशे हॉर्सपॉवर. मी त्यांना सांगितलं की आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट, आणि मोबाईलवर ७७ चा तो बर्फातला फोटो दाखवला. त्यांनी हात चिंधीला पुसले, मोबाईल घेतला, फोटो झूम करून गाडीचा मागचा भाग बराच वेळ बघितला.

"इंजिन मागं ठेवून एवढं हाणायचे, मग गरम नव्हतं होत का हो?"

मी म्हणालो, रेसच्या गाडीत रेडिएटर पुढं नेलेला होता.

"हां," म्हणाले, "मग बरोबर आहे." आणि मोबाईल परत देऊन पान्याचा खोका जवळ ओढला.