उतार: नदीकाठचा शब्द

मुंबईकडे निघालं, इगतपुरी मागे पडली, की नाशिकचा माथा संपतो आणि कसारा घाट लागतो. घाटातला लोहमार्ग दर ३७ मीटरला एक मीटर खाली जातो. चढून येणाऱ्या जड गाड्यांना कसाऱ्यात मागून जादा इंजिनं लावतात. आणि रस्त्याच्या कडेला फलक असतो: 'तीव्र उतार'.

उतार म्हणजे खाली जाणारी वाट, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शब्द जरा सोडवून बघा. मूळ संस्कृतात 'उद्' हा उपसर्ग आणि 'तॄ' हा धातू. 'तॄ' म्हणजे तरून जाणं, पार होणं. आणि 'उद्' म्हणजे चक्क वर! खाली नेणाऱ्या शब्दाच्या तोंडाशी 'वर' कुठून आलं?

त्यासाठी गोदाकाठी यायला हवं. 'उत्तरति' म्हणजे पाण्यातून वर येतो, पैलतीराला लागतो. नाव काठाला लागली की माणूस नदी पार झालेला असतो, आणि त्याच वेळी नावेतून खाली पाय टेकवत असतो. पार होण्याचा अर्थ असा हळूहळू खाली येण्याकडे सरकला. जुन्या मराठीत 'नदीस उतार नाही' असं म्हणत, ते पायी ओलांडण्याजोगी जागा नाही म्हणून. तो उतार डोंगराचा नव्हे, नदीचाच.

रामकुंडाला आपण तीर्थ म्हणतो. त्यातही हाच 'तॄ' आहे. तीर्थ म्हणजे मुळात पाण्यात उतरायची, पाणी ओलांडायची जागा. पावित्र्य तिला नंतर चिकटलं.

आता शहराबाहेर, पांडवलेण्यांत. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यानं दमण, तापी, डहाणुका अशा सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, दोन्ही तीरांवर धर्मशाळा आणि पाणपोया बांधल्या. त्या होड्यांच्या सोयीला लेखातला शब्द आहे 'पुण्यतर'. पुन्हा तोच धातू, आपल्याच डोंगरात कोरलेला! नाशिककरांनी एकदा तरी तो लेख उभं राहून पाहावा.

'उतरणे'वरूनच आणखी एक देखणा शब्द आला: उतारू. होडीतला प्रवासी उतारू, आगबोटीतला उतारू, पुढे रेल्वेतलाही. आताशा 'प्रवासी' म्हणायची सवय लागली आहे. नाशिकरोडच्या फलाटावर पुन्हा 'उतारू' ऐकू यावा, असं मनापासून वाटतं.