शेंगा फोडताना वाचलेली कादंबरी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात आमच्या खानदेशात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. यंदा त्या दुपारींत मी ‘मृत्युंजय’ पुन्हा वाचून काढली. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. माझ्या हाती ती आली १९७८ साली. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात मी तेव्हा नवीन सून होते. पेरणी तोंडावर आलेली. रात्री जेवणं आटोपली की सासूबाई बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसायच्या आणि मी कंदिलाजवळ मोठ्यानं वाचायची. त्यांना आम्ही माय म्हणायचो. अक्षरओळख नव्हती, पण कान फार तिखट.

या कादंबरीत सहा जण आपापली कथा सांगतात आणि शेवटचा भाग श्रीकृष्णाचा आहे. मला घाई कर्णाची आणि युद्धाची. कुंतीनं बाळ नदीत सोडलं, तिथं मायनं मला थांबवलं. “नदी बोरीसारखी का तापीसारखी?” बोरी उन्हाळ्यात कोरडी पडते, तापीला पाणी असतं, पेटी किती दूर जाईल याचा हिशेब त्या करत होत्या. मी कुंतीवर चिडले होते. माय शेंग फोडत म्हणाल्या, “ती तरी काय करी वं, माय?” आणि तो भाग त्यांनी दुसऱ्या रात्री पुन्हा वाचायला लावला.

यंदा मी तो भाग तीन दुपारी पुरवून वाचला. आणि शोण! कर्णाचा हा धाकटा भाऊही सहांतला एक, तरी तेव्हा तो माझ्या लक्षातसुद्धा राहिला नव्हता. दादाच्या मागं चालण्यात ज्याचा जन्म गेला, अशा माणसाचं बोलणं ऐकायला विशीतली मी तयार नव्हते.

नंतर काढली ‘कोसला’. भालचंद्र नेमाडे आमच्याच जिल्ह्यातले, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. कादंबरी आली १९६३ साली. तीही मी मायला वाचून दाखवली होती. पांडुरंग पुण्यात बापाचे पैसे उडवतो, तेव्हा त्या खऱ्याखुऱ्या संतापायच्या. पण त्याची धाकटी बहीण देवीच्या रोगानं जाते, ती पानं मी गुपचूप उलटली. मायच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. त्याच साथीत त्यांची पाच वर्षांची मुलगी गेली होती. मला वाटलं, कशाला जखम उकरायची. आता वाटतं, ती पानं त्यांचीच होती. ज्या दुःखाबद्दल घरात कोणी अवाक्षर काढत नव्हतं, ते कुणीतरी कागदावर मांडलं आहे, एवढं तरी त्यांना कळलं असतं. माय जाऊन बावीस वर्षं झाली.

यंदा ती पानं मी मोठ्यानं वाचली. नात शेजारी होती. तिनं विचारलं, “आजी, देवी म्हणजे?” देशातली देवीची शेवटची लागण १९७५ सालची, तिला हा शब्द कुठून ठाऊक असणार? भिंतीवरचा मायचा फोटो काढून मी तिच्या हातात दिला, व्रण दाखवायला म्हणून. फोटोतला चेहरा अगदी गुळगुळीत होता. त्या काळच्या फोटोवाल्यानं सगळे व्रण पुसून टाकले होते.