जतन करा

[दृश्य: ग्रंथालयातल्या तालिकेचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या पत्रकांचं, जुनं लाकडी कपाट. एक खण बाहेर ओढलेला.]

या खणात तळाशी एक सळई आहे. प्रत्येक पत्रकाच्या भोकातून ती आरपार जाते, कुणी पत्रक उपसून नेऊ नये म्हणून. लेखक, शीर्षक, वर्गांक टाइप व्हायचं, वरिष्ठ तपासायचे, सळई सरकायची. एकदा पक्क्या झालेल्या नोंदीला वाटेल त्यानं हात लावायचा नाही, या शिस्तीत ग्रंथालयातली माणसं तयार झाली.

आणि अशा माणसांपुढे एक दिवस ‘संपादन’ लिहिलेलं बटण आलं. ते कुणीही दाबावं, अशी त्याची अपेक्षा!

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरनं मार्च १९९५मध्ये पहिलं विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच पानं बदलता येतील असं संकेतस्थळ, सुरू केलं. नाव सुचलं होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट. (ग्रंथालयांत हा शब्द फारसा कौतुकाचा नाही, तो भाग वेगळा.)

[दृश्य: पडद्यावर १ ते २३ आकडे एकेक करून उमटतात.]

२००६. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधलं शार्लट. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांनी इंटरनेटवरची नवी साधनं शिकावीत म्हणून एक यादी केली: नऊ आठवडे, तेवीस गोष्टी. वर्ग नाही, परीक्षा नाही. ज्यानं त्यानं आपापल्या गतीनं करून पाहायचं. प्रगती ब्लॉगवर लिहायची, हवं तर टोपणनावानं. पूर्ण करणाऱ्याला एमपी थ्री प्लेअर, शिवाय सोडतीत लॅपटॉप.

त्या प्लेअरचं आमिष आज गमतीचं वाटतं. मला विचाराल तर खरी शक्कल त्या टोपणनावात होती. वीस वर्षं वाचकांना उत्तरं देणाऱ्या माणसाला ‘मला हे येत नाही’ म्हणणं सर्वांत जड जातं.

यादीतली सोळावी आणि सतरावी गोष्ट विकीची. सोळावीत नुसतं पाहायचं. सतरावीत सरावाच्या विकीवर स्वतः लिहायचं. मराठी विकिपीडियावर अशा सरावाच्या पानाला सुंदर नाव आहे: धूळपाटी. लिहा, पुसा, पुन्हा लिहा.

[दृश्य: कळफलकावर दोन बोटं. संथ.]

शब्दाभोवती दोन-दोन चौकटी कंस घातले की दुवा तयार होतो. निळा दिसला तर पान आहे. लाल दिसला तर ते कुणीतरी अजून लिहायचंय. एक कंस राहिला की दुवा होतच नाही, कंस तसेच उघडे पडतात. बोटं थांबतात. आता सगळ्यांना दिसणार!

मग त्या पानाचा ‘इतिहास’ उघडतो. कुणी, कधी, काय बदललं, ओळीनं सगळं. चुकीच्या आधीची आवृत्तीही शाबूत. उलटवा, झालं.

इथे ग्रंथालयातल्या माणसाला ओळखीचं काहीतरी सापडतं. आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदवतात, त्या दाखल नोंदवहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या ओळीवर आडवी रेघ, शेजारी सही, आणि ओळ तशीच वाचता येईल अशी ठेवायची. विकीनं तेच केलंय, फक्त वही सगळ्यांपुढे उघडी ठेवली.

पुढे विकी कामाला लागलं, तेही अगदी साध्या. संदर्भ विभागाच्या टेबलाला चिकटपट्टीनं लावलेले कागद आठवा: प्रिंटर अडला तर काय, कोणत्या कपाटाची किल्ली कुठे. ते सगळं एका पानावर आलं. बदली झालेल्या माणसाबरोबर माहिती जाणं थोडं कमी झालं.

शार्लटची यादी मोकळ्या परवान्याखाली होती. जगभरच्या ग्रंथालयांनी ती उचलून आपापल्या सोयीनं बदलली. त्या काळातली कित्येक साधनं आता उरलेली नाहीत. ब्लॉग आणि बातम्या एकत्र वाचायचं गूगल रीडर २०१३मध्येच बंद झालं. विकी टिकलं.

[दृश्य: विकिपीडियाचं एक पान. वाक्याशेजारी ‘संदर्भ हवा’.]

२०१६पासून विकिपीडियावर ग्रंथपालांसाठी एक मोहीम चालते: एका ग्रंथपालानं एक संदर्भ द्यायचा. पडद्यासमोरची ही ग्रंथपाल बाई आता उठून मांडणीकडे जाते आहे. पुस्तक काढते, सूची बघते, पानावर बोट ठेवूनच परत येते. लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष, पृष्ठांक. पत्रकावर लिहायची त्याच क्रमानं.

पुन्हा एकदा वाचते.

‘जतन करा.’